नाकारलेल्या मोबाइलचे काय?

उरण : न्हावा-शेवा बंदराने २०२४-२५ मध्ये वीस फुटी मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. तेथील क्रेन आणि गेटबाहेर रांगेत उभ्या ट्रेलरचालकाचा मोबाइल एकाच टॉवरवर विसंबू शकतात. फाइव्ह-जीच्या स्वतंत्र जाळ्यात 'स्लाइस', म्हणजे कप्पे, पाडता येतात. उद्या बंदरासाठी असा कप्पा राखला गेल्यास, ज्यांना प्रवेश मिळणार नाही त्यांचे काय?

नोंदणीच्या वेळी मोबाइल हव्या त्या कप्प्यांची यादी पाठवितो. नकार आल्यास त्याचे कारणही लक्षात ठेवतो. 'या परिसरात नाही' असे उत्तर असेल, तर नोंदणीचे क्षेत्र बदलेपर्यंत पुन्हा विचारणा नाही. 'या कंपनीच्या जाळ्यातच नाही' असे असेल, तर सहसा फोन बंद करून सुरू करेपर्यंत. कप्पा भरलेला असल्यास ठरावीक काळ थांबायचे. ही शिस्त हवीच. एरवी हजारो उपकरणे दार ठोठावत राहतील आणि टॉवरच गुदमरेल. दरम्यान, परवानगी असलेल्या अन्य कप्प्यावर काम चालते. तोही नसल्यास नोंदणीच फेटाळली जाते.

ग्राहकाला मात्र यातले काही दिसेलच असे नाही. 'रेंज आहे, पण चालत नाही', एवढेच तो म्हणतो.

केंद्राने २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व स्वीकारताना विशेष सेवांना त्यातून वगळले. बंदराची क्रेन त्या सवलतीत बसेलही. रांगेतल्या चालकाला नकार कोणत्या कारणाने मिळाला, हे त्याला सांगण्याची जबाबदारी कोणाची?