पिशव्या राखायला बसू नका



लेकीकडे चार दिवस राहायला गेलं की ते चार दिवस कसे जातात, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे हिशोब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. दिवसाचे जागेपणीचे पंधरा तास धरले तर चार दिवसांचे साठ. स्वयंपाक, वाढणं, आवरणं यांत रोजचे सहा, म्हणजे चोवीस तास गेले. बाजार आणि साड्यांची दुकानं यांत दहा गेले. नातेवाइकांकडे चहापाण्याला आठ. पूजा, स्वाध्याय, दुपारची वामकुक्षी वजा केली की लेकीशी आणि नातीशी निवांत बोलायला जेमतेम पाच-सहा तास उरतात. त्यातही नातीच्या हातात मोबाइल असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत झालं आहे, की त्या चार दिवसांतले दोन दिवस घराला कुलूप लावावं, गाडी काढावी आणि एखाद्या डोंगराकडे जावं. नुसतं पायथ्याशी जाऊन दर्शन घेऊन परत यायचं नाही, पायांनी चढायचं.

आम्ही या मार्गशीर्षात नाशिकला लेकीकडे होतो. मी, आमचे हे, थोरल्या जाऊबाई म्हणजे आमच्या अक्का, लेक, जावई आणि अकरा वर्षांची नात. आदल्या संध्याकाळी सराव म्हणून म्हसरूळजवळचं गजपंथ केलं. चारशेहून थोड्या अधिक पायऱ्या आहेत. ज्याला आपल्या गुडघ्यांचा अंदाज घ्यायचा आहे, त्याने तिथून सुरुवात करावी. दुसऱ्या दिवशी चांदवड, मग मनमाडजवळचे अंकाई-टंकाई आणि मुक्काम मांगीतुंगीच्या धर्मशाळेत. तिसऱ्या दिवशी पहाटे मांगीतुंगीची चढण आणि संध्याकाळच्या आत परतीचा प्रवास. खर्च म्हणाल, तर साड्यांच्या दुकानातल्या एका फेरीपेक्षा कमी आला.

निघायच्या आधी अक्कांनी मोठा आक्षेप घेतला होता. “अगं, तीर्थाला जायचं तर यात्रा म्हणून जावं. ही पोरं ट्रेक म्हणतात, फोटो काढतात. सिद्धक्षेत्र म्हणजे काय सहलीची जागा आहे?”

अक्कांचं म्हणणं मी खोडून काढत नाही. सिद्धक्षेत्रावर गाणी लावणं, वेफर्सची पाकिटं टाकणं हे मलाही सहन होत नाही. पण चालणं आणि धर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं आपण कधीपासून मानायला लागलो? आपल्या आर्यिका माताजी सत्तरीतही अनवाणी विहार करतात, आणि आपण मागून गाडीने जाऊन आहाराची तयारी करतो. मुनींच्या पाच समितींत पहिली ईर्या समिती, म्हणजे चार हात जमीन पाहून, जीव पायाखाली येणार नाही असं चालायचं. ते व्रत मुनींचं खरं, पण नातीला मी तेवढंच सांगितलं होतं, “चार हात पुढे बघून पाऊल टाक.” एका मुंग्यांच्या रांगेपाशी ती थांबली, आम्हा सगळ्यांना थांबवलं आणि कडेने नेलं. पाठशाळेत जे शिकवायला तीन रविवार लागले असते, ते एका पायरीवर झालं.

याच कारणाने पावसाळ्यात डोंगर चढायची जी हल्ली फॅशन आहे, ती मला पटत नाही. मुनी चातुर्मासात विहार थांबवतात, कारण वाटा जीवांनी भरलेल्या असतात. शिवाय पायऱ्या निसरड्या. आपला काळ कार्तिकी पौर्णिमेनंतरचा. आटा-पिठाची मर्यादासुद्धा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि थंडीत सात. म्हणजे शिदोरीसुद्धा आपल्याला थंडीतच जा म्हणते.

शिदोरीचं निघालंच आहे तर सांगते. “आपलं सोवळं बाहेर कसं सांभाळायचं?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. खरं तर आपले नियम डोंगरवाटेला फार सोयीचे आहेत. आम्ही दशम्या, कडक भाकरी, लसूण न घातलेली शेंगांची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि मुरमुऱ्याचा चिवडा एवढंच नेलं. अष्टमी-चतुर्दशी टाळून दिवस ठरवले, म्हणून पेरूही चालले. गाळलेल्या पाण्याची मर्यादा अठ्ठेचाळीस मिनिटांची, ती डोंगरावर सांभाळता येत नाही. उकळलेलं पाणी चोवीस तास चालतं. ते स्टीलच्या बाटल्यांत भरलं, म्हणजे प्लास्टिकचा कचराही झाला नाही. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हटल्यावर दिवस आपोआप लवकर सुरू होतो आणि अंधारात डोंगरावर अडकायची वेळच येत नाही. पायांत कापडी बूट घाला, चामड्याचे नकोत, आणि लेण्यांबाहेर काढून ठेवा. अनवाणी चढणाऱ्या पुष्कळ जणी दिसतात. त्यांना नमस्कार, पण मधुमेह असलेल्यांनी तो हट्ट धरू नये.

चांदवडला चंद्रनाथांचं लेणं आहे. टंकाईच्या अंगावर आपली लेणी आहेत, साधारण अकराव्या-बाराव्या शतकातली. ती डोंगराच्या खालच्या टप्प्यात असल्यामुळे तिथपर्यंत अक्काही सावकाश आल्या. दारांवरचं बारीक कोरीव काम बघून त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मनमाडवरून आपण किती वेळा रेल्वेने गेलो असू. तो डोंगर खिडकीतून दिसतो, पण त्यात आपली लेणी आहेत हे आमच्या डब्यातल्या किती जणींना माहीत असतं?

मांगीतुंगीला साधारण साडेतीन हजार पायऱ्या आहेत. निर्वाणकांडात तुंगीगिरीचं नाव आपण वर्षानुवर्षं म्हणतो. राम, हनुमान, सुग्रीव आणि नव्याण्णव कोटी मुनी इथून मोक्षाला गेले, अशी आपली श्रद्धा. याच डोंगराच्या अखंड पाषाणात कोरलेल्या 108 फुटी ऋषभदेवांच्या मूर्तीची प्रतिष्ठा 2016 मध्ये झाली. ती बघायला सगळे जातात. पण जुन्या गुंफांपर्यंत चढायची वेळ आली की काय होतं, ते मी त्या दिवशी पायथ्याशी पाहिलं. एका मोठ्या कुटुंबातले पुरुष आणि मुलं वर निघाली, आणि माझ्याच वयाच्या चार बायका पिशव्या घेऊन कट्ट्यावर बसल्या. “आम्ही इथूनच नमस्कार करतो, तुम्ही या जाऊन.” त्यांतली एकही आजारी दिसत नव्हती. घरात दिवसाकाठी शंभर वेळा उठबस करणाऱ्या बायका त्या! गुडघे दुखतात म्हणून बसणं वेगळं आणि कोणी चला म्हटलं नाही म्हणून बसणं वेगळं.

मला वर पोहोचायला तीन तास लागले. दर शंभर पायऱ्यांना थांबायचं, णमोकार म्हणायचा, पुन्हा चढायचं. मांगी मी केली, तुंगी लेकीने आणि नातीने केली. अक्का निम्म्यातून समाधानाने परतल्या. निम्मी चढण म्हणजे अपुरी यात्रा, असं कुणी म्हणू नये. पायांना झेपेल तेवढी आपली यात्रा पुरी. डॉक्टरांनी नको सांगितलं असेल तर डोली करावी, त्यात कमीपणा नाही. फक्त डोलीवाल्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करू नये. देवळात बोलीचा आकडा चढवताना आपण मागेपुढे बघत नाही. आपला भार खांद्यावर घेणाऱ्या माणसाला त्याची मजुरी आनंदाने द्यावी.

आणि आता खरं कारण. लेकीशी मी रोज फोनवर बोलते. तरी नोकरीतली एक अडचण सहा महिने तिच्या मनात होती, ती तिने मला मांगीच्या पायऱ्यांवर सांगितली. स्वयंपाकघरात आम्ही बोलतो तेव्हा एकीचं लक्ष तव्यावर असतं आणि दुसरीचं कुकरच्या शिट्ट्यांवर. मध्येच कुणीतरी चहा मागतं. पायऱ्यांवर तसं काही नसतं. दम लागलेला असतो, म्हणून दोघीही थोडकं आणि खरं बोलतो. मी तिला काहीच उपाय सुचवला नाही, नुसतं ऐकलं. घरी असते तर सुचवले असते चार!

पोरींना आपल्या हातची पुरणपोळी हवी असते, नाही असं नाही. पण त्यांना आई फक्त ओट्यापाशीच भेटत राहिली, तर तिच्या आठवणीही ओट्याएवढ्याच राहतील. पुढच्या भेटीत गजपंथ करा, कुंभोजच्या बाहुबलीचा डोंगर करा, जवळ असेल तो करा. आणि पिशव्या गाडीच्या डिक्कीत ठेवा. त्यांना राखायला माणूस लागत नाही.

जय जिनेंद्र.