एआय एजंटसाठीही माहितीपत्रक हवे

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. मात्रा किती, कोणी घेऊ नये, कशाबरोबर घेऊ नये, हे सारे त्यावर बारीक अक्षरात छापलेले असते. बहुतेक जण तो न वाचताच टाकतात. विचारायला डॉक्टर आणि केमिस्ट असतात म्हणून ते खपून जाते. आता असाच कागद सॉफ्टवेअरलाही लागतो, आणि तो वाचणारा माणूस नसतो.

एआय एजंट म्हणजे नुसती उत्तरे देणारा चॅटबॉट नव्हे. तो तुमच्या वतीने दुसरी सॉफ्टवेअर चालवतो. रिपोर्ट उघडतो, अपॉइंटमेंट घेतो, कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरतो. कोणते साधन कशासाठी आहे आणि त्यात काय भरायचे, हे त्याला मुख्यतः त्या साधनासोबत लिहिलेल्या वर्णनावरून कळते. हे वर्णन कधी कधी दोन-तीन ओळींचेच असते. माझे मत स्पष्ट आहे : साधन आरोग्याशी संबंधित असेल, तर या ओळी औषधाच्या लेबलइतक्याच काळजीने लिहिल्या गेल्या पाहिजेत.

इन्सुलिनचेच बघा. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे असते आणि पेनच्या काट्रिजमधले १०० युनिटचे. १०० युनिटच्या बाटल्याही मिळतात. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात : ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी टोपणाची. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. रुग्ण बेशुद्ध पडायला एवढे पुरेसे आहे.

समजा, एखाद्या ॲपमधील साधनाचे वर्णन एवढेच आहे : ‘इन्सुलिनची मात्रा नोंदवते. मात्रा : संख्या.’ ही संख्या युनिटमध्ये की मिलिलिटरमध्ये? इन्सुलिन ४० चे की १०० चे? वॉर्डमधली नवी सिस्टरसुद्धा इथे थांबेल आणि विचारेल. एजंट मात्र जो अर्थ अधिक संभवनीय वाटेल तो धरून पुढे जाऊ शकतो, आणि उत्तरही ठाम भाषेत देतो. ‘मात्रा युनिटमध्ये भरा, इन्सुलिन ४० चे की १०० चे ते कळल्याशिवाय नोंद करू नका, रुग्णाला विचारा’ असे एक वाक्य तिथे लिहिले, तर धोका बराच कमी होतो.

रक्तातील साखरेचेही तसेच आहे. आपल्या लॅबमध्ये उपाशीपोटी १२६ येणारी साखर ब्रिटनमधील लॅबच्या एककात ७ दिसते. लंडनला मुलीकडे गेलेल्या आजोबांचा तिथला रिपोर्ट ॲपमध्ये टाकला आणि साधनाने एकक विचारलेच नाही, तर मधुमेहाच्या सीमेवरचा हा आकडा साखर जीवघेणी उतरल्याचा ठरेल.

चूक झाल्यावर साधन काय म्हणते, हेही त्याच कागदाचा भाग आहे. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. मूळ दोष यंत्राच्या रचनेत आणि सॉफ्टवेअरमध्ये होता. पण १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे पडद्यावर नुसते ‘मालफंक्शन ५४’ आले. त्याचा उलगडा ऑपरेटरच्या पुस्तिकेत नव्हता. असे संदेश वरचेवर येत, म्हणून ‘पुढे चालू’चे बटण दाबले गेले. अनुभवी माणसाचे असे झाले, तर एजंट वेगळे काय करेल? ‘एरर’ एवढेच दिसले की तोही पुन्हा प्रयत्न करून बघतो. ‘६५०० हे वजन किलोमध्ये शक्य नाही, बहुधा ग्रॅममध्ये भरले आहे, तपासा’ असे सांगितले तर थांबतो. (माणसांनाही असेच सांगितलेले आवडते, हे जाता जाता.)

कोणी म्हणेल, एजंट दिवसेंदिवस हुशार होत आहेत, ते समजून घेतील. पण बाटलीवर जे लिहिलेलेच नाही, ते हुशार डॉक्टरलाही वाचता येत नाही.

तुम्ही असे ॲप वापरत असाल, तर रिपोर्टमधला नुसता आकडा टाइप करू नका. एककासह पूर्ण पानाचा फोटो द्या. ‘हा आकडा कोणत्या एककात धरलास?’ असे त्याला विचारा. आणि इन्सुलिनची मात्रा ॲपने काहीही सांगितली, तरी बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग स्वतः जुळवून पाहा. मात्रा बदलायची असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना फोन करा.