बाटली नव्हे, ओढा तपासा!

बोईसर, तारापूर, पालघर परिसरातल्या बंधू-भगिनींनो,

पहिला पाऊस पडला आणि ओढ्यात पुन्हा मासे मेले. कुठल्या ओढ्यात, हे विचारू नका. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गावाला असा एक ओढा आहे. पहाटे मी मोरीवर उभा होतो. तपकिरी फेस कडेला साचला होता. त्यात खवली, चिवणी, बोटभर पिल्लं, सगळी पोट वर करून पडलेली. एक मरळ तेवढी जिवंत होती, पुन्हापुन्हा वर येऊन तोंड उघडत होती. मरळ हवेतला श्वास घेऊ शकते म्हणून ती तगली. बाकीच्यांना ती सोय नव्हती. मेलेली एक मादी मी उचलून पाहिली. पोट अंड्यांनी गच्च भरलेलं.

हे वलगणीचे दिवस. पहिल्या पुराच्या पाण्याचा वास लागला की मासा खालून वर चढतो, अंडी घालायला. आपल्या आज्या-पणज्यांना हे दिवस तोंडपाठ होते. आणि पाऊस पडला की पाण्याचा रंग कुणाला कळत नाही, म्हणून साठवलेलं सोडून देणाऱ्यांनाही हेच दिवस तोंडपाठ आहेत. चढणारा मासा आणि उतरणारं विष यांची गाठ ओढ्यात पडते. त्या एका रात्रीत मेलेले मासे मोजता येतील, पण पुढच्या वर्षी जन्माला न आलेले मासे कोण मोजणार?

दुपारी पाण्याचा नमुना घेतला गेला. काही दिवसांनी उत्तर मिळालं: ‘नमुना मर्यादेत आहे.’

हे पत्रक त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

कारखान्यांचं पाणी घाण आहे हे तुम्हाला पटवायला कागद खर्च करणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात 70 च्या वर गेलेला औद्योगिक पट्टा अतिप्रदूषित धरतात. तारापूरचा आकडा 2009 मध्ये 72.01 होता, 2018 मध्ये 93.69 झाला, आणि तो देशात सर्वांत वरचा होता. मांगेला मच्छीमार समाजाची परिषद या प्रदूषणाविरुद्ध 2016 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली, निकाल लागायला जानेवारी 2022 उजाडला. दांडी, नवापूर, उच्छेळी, मुरबे इथल्या माणसांना यातलं काही नवीन नाही. प्रश्न असा आहे की इतकं सगळं होऊनही ‘मर्यादेत आहे’ हे वाक्य जिवंत कसं राहतं? ते जिवंत राहतं, कारण नदी कशी तपासायची हेच आपण चुकीचं ठरवून ठेवलं आहे. एक बाटली बुडवायची, बूच लावायचं, आणि बाटली जे बोलेल तो नदीचा निवाडा.

बाटलीला किती वेळ दिसतो ते आधी पाहा. देशात मोठ्या नद्यांचेही नमुने साधारण महिन्यातून एकदा घेतात. बाटली भरायला एक मिनिट धरा. वर्षाला 12 मिनिटं. वर्षात मिनिटं असतात 5,25,600. उरलेल्या 5,25,588 मिनिटांत ओढ्यात काय वाहिलं, यावर बाटलीचं काहीही म्हणणं नाही. आणि आपला ओढा मोठी नदीही नाही. त्याच्या वाट्याला बाटली येते ती तक्रार केल्यावर, मासे मेल्यावर, फोनावर फोन केल्यावर. तोवर विषाचा लोंढा भरतीत मिसळून गेलेला असतो.

पुन्हा ती भरतात कधी? दिवसा, कचेरीच्या वेळेत. ज्या ओढ्यात शेवाळ माजलं आहे त्यात दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं आणि दुपारी पाण्यातला प्राणवायू सर्वांत जास्त असतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं, आणि पहाटेपूर्वी पाण्यातला प्राणवायू तळाला जातो. मासा मरतो पहाटे चारला, तपासणी होते दुपारी बाराला. तापलेल्या माणसाचा ताप उतरल्यावर थर्मामीटर लावायचा आणि ‘याला ताप नव्हताच’ असं लिहून द्यायचं, त्यातलाच हा प्रकार.

आणि बाटलीत मोजतात काय? मुख्यतः पाण्याची आम्लता, आणि प्राणवायूच्या मागणीचे दोन आकडे: बीओडी, सीओडी. बीओडी म्हणजे पाण्यातले जिवाणू घाण खाताना किती प्राणवायू वापरतात त्याचं माप. आपल्या देशात हा नमुना 27 अंशाला तीन दिवस ठेवतात. गावाच्या सांडपाण्यासाठी कसोटी चांगली आहे. पण आपल्याकडे रंग, औषधं, कीटकनाशकं, त्यांचा कच्चा माल बनतो. पाण्यात जिवाणूच मारणारं रसायन असेल तर ते बाटलीतही जिवाणूंना मारतं. मेलेला जिवाणू प्राणवायू वापरत नाही, आणि बीओडी कमी येतो. नीट वाचा: विष जितकं जालीम, तितका हा आकडा चांगला दिसू शकतो. हे कुठल्या आंदोलकाचं भाषण नाही. पाणी तपासणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत हे माहीत असतं. माहीत असूनही त्या आकड्यावर ओढ्याला निरोगी ठरवणं हे अज्ञान नव्हे, लबाडी आहे.

मग नदी कशी तपासायची? जे बारा महिने, रात्रंदिवस पाण्यातच राहतात त्यांना विचारायचं.

गेल्या हिवाळ्यात कासा-चारोटीच्या बाजूला सूर्या नदीच्या पात्रात उतरलो होतो. घोट्याएवढं वाहतं पाणी. तळहाताएवढा दगड उचलून उलटा केला. खालच्या अंगाला चपटी, तीन शेपट्यांची पिल्लं दगडाला घट्ट चिकटलेली. त्यांना मे माशीची पिल्लं म्हणतात. शेजारी वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेल्या बारीक नळ्या, आणि नळीतून डोकं काढणारी अळी. कपारीत चतुराचं पिल्लू. एका दगडावर मी सात तऱ्हेचे जीव मोजले. यांतल्या कित्येकांचे आठवडेच्या आठवडे, काहींचे महिने पाण्याखाली जातात. मधल्या एका रात्री जरी विष वाहिलं असतं तरी त्यातले नाजूक जीव त्या दगडावर दिसले नसते.

तिथून येऊन बोईसरच्या खालच्या अंगाला, आमच्या ओढ्यातला दगड उचलला. बुळबुळीत, राखाडी. खाली लाल अळ्यांची वळवळ, दुसरं काहीही नाही. ही अळी लाल असते कारण तिच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखं हिमोग्लोबिन असतं. जिथे प्राणवायू जवळजवळ नसतो तिथेही ती जगते. वरच्या दगडावर सात, खालच्यावर एक. हा अहवाल वाचायला बीएस्सी लागत नाही. चौथीतला मुलगा वाचतो.

आणि ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. पाण्यातल्या किड्यांवरून नदीचा वर्ग ठरवायची कसोटी आपल्या देशातल्या प्रदूषण नियंत्रणाच्या कागदपत्रांत कधीचीच तयार आहे. सांडपाण्यासाठी तर पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मध्येच माशांची परीक्षा आहे: निव्वळ सांडपाण्यात, दुसरं पाणी न मिसळता, मासे 96 तास ठेवले तर 100 पैकी 90 जगले पाहिजेत. कायद्यात मासा आहे, तपासणीच्या गप्पांत मात्र फक्त बाटली उरली!

बाहेरच्या जगाचं एकच उदाहरण देतो. 1 नोव्हेंबर 1986 ला स्वित्झर्लंडमधल्या बासलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, ती विझवण्यासाठी मारलेलं पाणी ऱ्हाइन नदीत गेलं, आणि शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. ऱ्हाइनकाठच्या देशांनी पुढच्याच वर्षी एकत्र बसून उद्दिष्ट ठरवलं: 2000 सालापर्यंत नदीत सामन मासा परत आला पाहिजे. बीओडी अमुक व्हावा, असं नव्हे. मासा परत यावा. पुढे नदीकाठच्या ठाण्यांवर पाणपिसवा नावाचे बारीक जीव नदीच्याच वाहत्या पाण्यात ठेवून त्यांच्या हालचालीवर यंत्राने नजर ठेवायला सुरुवात झाली. ते जीव गडबडले की धोक्याचा इशारा. ऱ्हाइनच्या काठीही रसायनांचेच कारखाने आहेत, आणि ते चालू आहेत.

आता उत्तरं येतील, दरवेळी येतात तशी. ‘मासे उकाड्याने मेले, हवामान बदललं आहे.’ हे ऐकून माझं डोकं सणकतं. हवामान बदललंच आहे. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला जेमतेम 7.5. पाणी तापलं की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. उन्हाळ्यात ओढ्याला स्वतःचं पाणी उरत नाही, म्हणजे विष पातळ करायलाही काही नसतं. तर मग या सगळ्याचा अर्थ काय होतो? नदीची सहनशक्ती घटली आहे, म्हणून मर्यादा कडक करा, असा होतो. आजारी माणसाच्या पाठीवर जास्त ओझं टाकायचं आणि तो पडला की आजाराला दोष द्यायचा, असा होत नाही. उन्हाने मासे मरायचे तर मे महिन्यात मेले असते. ते पहिल्या पावसाच्या रात्रीच का मरतात?

दुसरं उत्तर: ‘तो ओढा नाही, नाला आहे.’ नाला त्याला कुणी केला? त्याच ओढ्यात आमच्या आयांनी कपडे धुतले, त्यातल्या कोळंबीचं कालवण आम्ही खाल्लं. आधी मारायचं, मग मेलेल्याचं नाव बदलायचं, आणि नावावरून म्हणायचं की इथे जगण्यासारखं काही नव्हतंच. तारापूरच्या कारखान्यांना पाणी मिळतं ते सूर्येचं. कारखान्यात शिरताना ती नदी असते. बाहेर पडली की नाला होते काय?

‘रोजगार जाईल’ याला एका वाक्यात उत्तर: दगड उलटा करून किडे मोजल्याने एकही कारखाना बंद पडत नाही, फक्त रात्री व्हॉल्व्ह उघडणारा उघडा पडतो.

राहिलं ते शेवटचं आणि सर्वांत उर्मट उत्तर: ‘लोकांचं सांगणं म्हणजे शास्त्र नव्हे.’ खरं आहे. नोंद नसेल तर ते शास्त्र नाही. म्हणून नोंद ठेवू या. शास्त्र करायला परदेशात जावं लागत नाही. पालघरात दांडेकर महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे, वर्सोव्यात 1961 पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. प्राणिशास्त्राच्या मुलांना आपल्या जिल्ह्यातला ओढा हा पाठ्यपुस्तकाहून मोठा विषय आहे. आणि कुठला मासा कधी चढतो, कुठल्या डोहात खेकडा उरला आहे, हे वारली, कातकरी, मांगेला बायांना जितकं ठाऊक आहे तितकं कुठल्या प्रबंधात सापडणार नाही. त्यांना हातात वही द्या, त्यांच्या शेजारी विद्यार्थी बसवा.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक ओढा कारखान्यांच्या वर आणि खाली, पावसाच्या आधी आणि नंतर, त्यातल्या जिवांवरून तपासा. प्राणवायू मोजणारं यंत्र रात्रंदिवस पाण्यात राहू द्या. मासे मेले तर बाटलीबरोबर मेलेला मासाही बर्फात घालून प्रयोगशाळेत न्या. आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतल्या लघु जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवलेलं आहे. ज्यांची गावं पेसात येतात त्यांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. बाकीच्यांनाही ठराव करण्यापासून कुणी अडवलेलं नाही.

हे होईपर्यंत आपण थांबायचं नाही. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपापल्या गावच्या मोरीवर या. खालच्या अंगाला उतरणाऱ्याने गमबूट आणि हातमोजे घालावेत, अनवाणी कुणीही उतरू नये. एक वही, एक पेन आणि घरातली एक पांढरी थाळी आणा. पांढऱ्या थाळीत किडे स्पष्ट दिसतात.