मायच्या मांसाला गेटपास नाही

गोदीत मी माल उचलतो. एक खोकं गेटाबाहेर न्यायचं तरी पास लागतो. हुडकेश्वरच्या माझ्या मायच्या पोटातली गाठ काढली. त्या गाठीला पास नाही! ऑपरेशनच्या इंग्रजी कागदावर तिचा अंगठा घेतला. त्यातच खाली बारीक अक्षरात : उरलेलं मांस संशोधनासाठी. मी मॅट्रिक, अडखळत वाचलं. विचारलं तर म्हणाले, ‘ऑपरेशन करायचं ना? मग गप बसा.’

दोस्तहो, ही लूट जुनी आहे. १९५१ साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हेन्रिएटा लॅक्स ही काळी बाई कॅन्सरनं मेली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता काढून ठेवल्या होत्या. त्या आजही वाढताहेत. पोलिओच्या लशीची चाचणी त्यांच्यावर झाली, कंपन्यांनी त्या विकल्या. घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नाही. थर्मो फिशर कंपनीनं कुटुंबाशी तडजोड केली ती २०२३ साली. त्याच पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही आहेत.

आम्ही विज्ञानाचे वैरी नाही. घ्या गाठी, हरवा कॅन्सर. पण विचारून! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची नियमावली म्हणते, नमुन्याची मालकी देणाऱ्याची. मग हे मायला मराठीत कोण सांगणार? संशोधनाचा कागद वेगळा करा. वाचून दाखवा. ती ‘नाही’ म्हणाली तरी ऑपरेशन झालंच पाहिजे.

आमच्या सावलीचा विटाळ मानणाऱ्यांनो, आमचं मांस बरं चालतं! द्रोणानं एकलव्याचा अंगठा निदान मागून तरी घेतला. तुम्ही अंगठा शाईत बुडवला आणि मांस नेलं.