रिकाम्या गोठ्याच्या भिंती उघडा



खानापूर तालुक्यातील वाड्यांतून फिरताना परड्यात एखादा रिकामा गोठा हमखास दिसतो. नांगरणीला ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली, आणि गोठ्यात आता मोडके कुळव, खताची रिकामी पोती व उंदीर नांदतात. काही जण तो पाडून कौले विकण्याच्या बेतात आहेत. माझे म्हणणे, पाडू नका. दगडी जोते आणि मंगळुरी कौलांचे छप्पर आज नव्याने करायचे तर खर्च परवडणार नाही. त्याच जागेत १५-२० कोंबड्यांचे खुराडे सहज होते.

मात्र हे खुराडे करताना आपली मंडळी नेमके उलटे करतात. झरोके बुजवतात, भिंतीला सिमेंटचा गिलावा देतात, दार घट्ट बसवतात, जणू कोंबड्यांना थंडी बाधणार आहे. मोठ्या कोंबडीच्या अंगावर पिसांची गोधडी असते. तिला मारतो तो कोंदटपणा. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू उठतो आणि जमिनीलगत, म्हणजे कोंबडीच्या नाकाशीच साचतो. मग डोळे सुजतात, नाके वाहतात, अंडी घटतात. आत शिरताच आपल्या डोळ्यांना झोंबले, तर कोंबड्यांना ते केव्हाच बाधले आहे असे समजावे.

तेव्हा समोरासमोरच्या दोन भिंतींत, जमिनीपासून २ फूट सोडून, मोठमोठ्या खिडक्या पाडाव्यात. छपराचा भार भिंतीवर असेल तर आधी गवंड्याला दाखवावे. पावसाच्या अंगाला पोत्यांचा पडदा हवाच, पण तो खालून वर ओढता येईल असा करावा, म्हणजे वरची हातभर जागा झडीतही मोकळी राहते.

गिलाव्याचे पैसे वाचतील ते जाळीला घालावेत. बाजारात मिळणारी मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, परंतु सापाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची मजबूत जाळी घ्यावी. गोमूत्र वाहून जाण्यासाठी भिंतीच्या तळाशी ठेवलेले भोकही विसरू नये. मुंगूस तिथूनच आत येतो!

साफसफाईची घाई नको. उंदरांचा सुळसुळाट असलेली जागा कोरडी झाडू नये. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप माणसाला होतो. ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून, हातात रबरी मोजे व पायात गमबूट घालून, नाकातोंडाला फडके बांधूनच केर काढावा. मग जमीन चांगली वाळू द्यावी आणि भाताच्या तुसाचा ४ इंचांचा थर पसरावा. दर कोंबडीला २ चौरस फूट जागा पुरते. अधूनमधून मूठभर तूस दाबून पाहावे. गोळा झाला तर ओल आहे. तूस उकरावे, सुके तूस व थोडा चुना मिसळावा.

गव्हाण काढू नका. (ख्रिस्ती माणसाने गव्हाण फोडावी, हे मनाला पटतही नाही.) तिच्यात फुटाफुटावर फळी घालून गवत अंथरले, की अंडी घालायला कप्पे तयार. चार-पाच कोंबड्यांना एक कप्पा चालतो. बंगळूरची गिरिराज जात आणली तर वजन व अंडी गावठीपेक्षा जास्त मिळतात, पण ती खुडूक बसत नाही. म्हणून दोन-तीन गावठी कोंबड्या असाव्यात. २१ दिवस अंड्यांवर त्याच बसतील.

आता अंड्यांविषयी. डझनाचा हिशेब होताच सगळी अंडी बाजारात जातात आणि घरातली गरोदर सून चहा-खारीवर दिवस काढते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. पहिली अंडी तिच्या व मुलांच्या ताटात पडावीत, उरलेली विकावीत, आणि तो पैसा कोंबड्या सांभाळणाऱ्या बाईच्याच हाती राहावा. यावर कुरकुर करणारे पुरुष मला ठाऊक आहेत.

एवढे करूनही राणीखेतची साथ आली तर खुराडे दोन दिवसांत ओस पडते. या रोगावर औषध नाही, लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात लासोटा लशीचा थेंब आणि साधारण आठव्या आठवड्यात टोचणी. अडचण अशी की कुपी साधारणत: १०० मात्रांची वा त्याहून मोठी येते, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. वीस कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून एका वाडीतल्या पाच-सहा घरांनी पिल्ले एकाच आठवड्यात आणावीत, म्हणजे लशीचा दिवसही एकच येईल. बर्फ घातलेला थर्मास घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जाणारा एक जण हवा. येत्या रविवारी मिस्सानंतर प्रत्येक वाडीने आपापला माणूस ठरवावा आणि त्याच्या येण्याजाण्याचे भाडे घरटी वाटून घ्यावे.