नांदत्या घरातील स्वयंपाकघराची सुधारणा

सोलापूर, धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांतील जुन्या शेतकरी घरांचे स्वयंपाकघर बहुधा माळवदाखाली, दगडमातीच्या रुंद भिंतींच्या आड असते. खिडकी नसते, असलीच तर हातभर झरोका. उजेड आत येतो आणि धूर बाहेर जातो तो माळवदातील एका साण्यातून. पाऊस आला की ते साणेही झाकावे लागते व धूर घरातच घुटमळतो. तुळयांवर काजळीचे थर चढलेले असतात आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे डोळे चाळिशीपूर्वीच चुरचुरू लागतात. ही खोली सुधारली पाहिजे, याविषयी कोणाचे दुमत नाही. प्रश्न आहे तो घरात माणसे नांदत असता ही सुधारणा कशी व केव्हा करावी, हा. आणि येथेच अनेक कुटुंबे फसतात.

नेहमीची चूक अशी. मालाचे पैसे हाती आले की वैशाखात गवंडी बोलावण्यात येतो. एका दिवसात चूल, मोरी, फडताळ आणि ओटा पाडून टाकतात, आणि मृगापूर्वी सर्व उरकेल असा हिशेब मांडतात. गवंडी लग्नसराईत गुंततो, पैसा लग्नाकडे वळतो, विहीर तळाला जाते. सिमेंटच्या कामाला निदान आठवडाभर भरपूर पाणी घालावे लागते; जेथे पिण्याच्या घागरीसाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हे पाणी आणावयाचे कोठून? काम कच्चे राहते, पाऊस उतरतो, आणि घरची लक्ष्मी गोठ्याच्या वळचणीला तीन दगड मांडून चार महिने भाकरी थापीत बसते. धूर चुकविण्यासाठी काढलेल्या कामाने तिच्या वाट्याला धूर आणि चिखल दोन्ही येतात.

रब्बी ज्वारीच्या मुलखात याहून सोयीचा काळ पौष-माघाचा आहे. पेरणी होऊन गेलेली असते, काढणीला अवकाश असतो, विहिरीत पाणी असते व माळवद उघडले तरी पावसाचे भय फारसे नसते. पौषात शुभकार्य काढू नये असा समज आहे खरा. परंतु मोरी व धुराडे यांना मुहूर्ताची अडचण मानण्याचे कारण दिसत नाही.

काम निम्म्या-निम्म्याने काढावे. स्वयंपाकघर दोन खणांचे असेल तर एका खणात चूल पेटती ठेवून दुसऱ्यात गवंड्याने काम करावे व मध्ये तरटाचा ओला पडदा सोडावा. एकच खण असेल तर पडवीत वाऱ्याच्या आडोशाला तात्पुरती चूल घालावी. धान्याच्या कणग्या, पिठाचे डबे व पाण्याचा माठ काम सुरू होण्यापूर्वीच माजघरात न्यावेत. चुन्याची व सिमेंटची धूळ पिठात गेल्यावर मग झाकण शोधण्यात अर्थ नसतो. गॅसची टाकी तात्पुरती हलवितानाही ती उभीच ठेवावी, शेगडी तिच्यापेक्षा उंचावर असावी आणि पेटती चूल जवळ नसावी. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. म्हणून बंद खोली वा खोलगट जागा त्यास वर्ज्य समजावी.

परंतु सर्वांत आधी नजर वर गेली पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या व त्यांच्यावरील जड माळवदे खाली आली. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरी माती टाकण्याची रीत आहे. जुनी माती न काढता नवी टाकीत गेल्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे ओझे तुळयांवर साठत जाते. त्या आपत्तीनंतर अभियंत्यांनी सुचविलेले उपाय साधे होते: छतावरील माती कमी करावी, भिंतीत आरपार जाणारे दगड घालावेत, खांब व तुळई यांच्या सांध्यांना तिरपे आधार द्यावेत. स्वयंपाकघर उघडलेच आहे तर हे काम त्याच वेळी करून घ्यावे. उलट अनेक ठिकाणी नळाची सोय म्हणून त्याच माळवदावर पाण्याची टाकी चढविण्यात येते व उजेडासाठी कोपऱ्यालगतची भिंत फोडण्यात येते. ओटा चकचकीत झाला, पण डोक्यावरचे ओझे वाढले, याला सुधारणा म्हणता येत नाही. खिडकी पाडावयाची ती कोपऱ्यापासून दूर, वर भक्कम छावणी टाकून आणि जाणत्या माणसाच्या सल्ल्याने. टाकीसाठी घराबाहेर स्वतंत्र चौथरा बांधावा.

मातीच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याची हौसही आवरावी. भिंतीत शिरलेली ओल त्यामुळे आतच कोंडते व काही वर्षांत गिलावा पापुद्र्यांनी सुटू लागतो. चुन्याचा वा मातीचा गिलावा भिंतीला सोसतो. मोरीच्या आसपास मात्र पाणी न शिरेल असे पक्के काम हवे आणि तेथे खर्चाची काटकसर नको. सांडपाणी परसातील केळीला किंवा शोषखड्ड्यात न्यावे. खड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर दूर असावा.

धुराचा प्रश्न नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत सुधारलेली चूल तयार झाली, हैदराबादचे डॉ. एस. पी. राजू यांनी 1953 साली निर्धूर स्वयंपाकघराविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. 1983 पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला. चुली लक्षावधी बसल्या, पण पुष्कळ बंद पडल्या. धुराडे काजळीने तुंबले आणि ते साफ करावयाचे कोणी, हे कोणीच ठरविले नव्हते. 2016 साली उज्ज्वला योजना आली व गॅस खेडोपाडी पोहोचला. तरीही भाकरीसाठी व पाणी तापविण्यासाठी चूल पेटतेच, कारण काटक्या व गोवऱ्या घरच्या असतात आणि टाकी विकत भरावी लागते. म्हणून गॅस आला तर धुराडे कशाला, असे म्हणणे बरोबर नाही. चार-पाच जनावरे असणाऱ्यांनी गोबर गॅसचाही विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण पुरते आणि खत शिल्लक राहते ते वेगळेच.

धुराडे माळवदातून नेताना तुळई व किलचांपासून अंतर सोडावे. वाळलेले सागवान तापत्या नळीला टेकले तर आग लागण्यास वेळ लागत नाही. नळी माळवदाच्या वर दोन फूट तरी निघावी. सिमेंट-ॲस्बेस्टॉसची जुनी नळी घरात असल्यास ती करवतीने कापू नये. तिची धूळ फुप्फुसांना घातक आहे. पत्र्याची वा भाजलेल्या मातीची नळी बरी.

ओट्याची उंची ठरविण्याचा अधिकार गवंड्याचा नाही, घरधन्याचाही नाही. शहरात पाहिलेला उंच ओटा हुबेहूब उतरवून घेतला जातो आणि मग भाकरी थापावयास बाई पुन्हा जमिनीवर येते, कारण काठवटीत पीठ मळताना अंगाचा भार द्यावा लागतो. तिला गॅससाठी कोपराच्या खाली चार-सहा बोटे येईल असा उभ्याचा ओटा हवा असेल, आणि भाकरीसाठी धुराड्याची बसकी चूलही हवी असेल. दोन्हींना जागा द्यावी. घरात सासूबाई व सूनबाई दोघी रांधीत असतील तर दोघींनाही विचारावे. उत्तरे वेगळी येतील, त्यावर चार दिवस बोलणे झाले तरी बिघडत नाही.

जुनी चूल शेवटी मोडावी. नवी चूल मातीची असेल तर ती सावलीत वाळण्यास दोन-तीन आठवडे द्यावेत, मग तीवर आठवडाभर रोजची भाकरी करून पाहावी. धूर मागे येतो का, वैलावरचे कालवण शिजते का, तवा नीट बसतो का, हे रांधणारीने सांगितल्यावर गवंड्याचा शेवटचा हप्ता द्यावा. धुराड्याची काजळी महिन्यातून एकदा झाडण्याचे काम घरातील एखाद्या पुरुषाने किंवा मोठ्या मुलाने आपल्याकडे घ्यावे.