चालाच, पण वजनही उचला

चाळिशी ओलांडलेल्या बाईला व्यायामाचा सल्ला मिळतो तो एकच: चाला. डॉक्टर सांगतात, शेजारीण सांगते, मुलं मनगटावर घड्याळ बांधून देतात आणि पावलं मोजायला लावतात. सल्ला चांगला आहे, पण अर्धाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांनुसार प्रौढ माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम करायचा असतो, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकद लावायला लावेल असा व्यायाम करायचा असतो. पहिली गोष्ट आपल्यापर्यंत पोचली. दुसरी बायकांना कोणी सांगतच नाही.

म्हणून पस्तिशीपुढच्या प्रत्येकीला ही विनंती. चालणं सोडू नका, पण आठवड्यातून दोनदा वजन उचला. जिममध्ये उचला, घरात उचला, सोसायटीच्या गच्चीवर उचला.

का उचलायचं, ते हाडांपासून पाहू. इस्ट्रोजेन या हार्मोनचं काम पाळी आणि गरोदरपण एवढ्यावर संपत नाही. आपल्या हाडांत दोन तऱ्हेच्या पेशी सतत कामाला असतात. एक जुनं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या नवं भरतात. खरवडणाऱ्या पेशींना आवरून धरायचं काम इस्ट्रोजेन करतं. चाळिशीत अंडाशयांचा ताल बिघडू लागतो, पाळी मागेपुढे होते, आणि सलग बारा महिने आली नाही की ती गेली असं डॉक्टर मानतात. आपल्याकडे हे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत एक्कावन्नच्या आसपास. म्हणजे आपलं इस्ट्रोजेन चार-पाच वर्षं आधीच साथ सोडतं. त्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं हाडांची झीज सगळ्यात वेगानं होते; या काळात हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत उतरू शकते. दुखत काहीच नाही, त्यामुळे कळतही नाही. मनगट मोडतं, मणका दबतो, न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडतो, तेव्हा कळतं.

स्नायूंचं तसंच. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. काट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायू गेला त्या जागी चरबी येते आणि आकडा तोच राहतो. बाईला वाटतं, आपलं वजन काही वाढलेलं नाही. मग जमिनीवरून उठताना हाताचा आधार का लागतो, याचं उत्तर तिला सापडत नाही.

हाडाची एक खोड आहे: नेहमीपेक्षा जास्त भार आला तरच ते स्वतःला मजबूत करायला घेतं. रोजच्या चालण्याची त्याला सवय झालेली असते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये झालेला ‘लिफ्टमोर’ नावाचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या १०१ बायका त्यात होत्या. एका गटानं आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास चांगलं जड वजन उचललं: जमिनीवरून बार उचलणं, खांद्यावर बार घेऊन बैठका, डोक्यावर वजन ढकलणं, आणि दांड्याला धरून वर उडी घेऊन पायांवर जोरात उतरणं. दुसऱ्या गटानं घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटातल्या बायकांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटात १.२ टक्क्यांनी घटली. हे सगळं जाणकार प्रशिक्षकाच्या नजरेखाली, हळूहळू वजन वाढवत झालं होतं, हे मात्र विसरायचं नाही.

पाळी जाण्याला अजून वीस वर्षं आहेत अशा मुलींनाही यात काम आहे. पीसीओडीची तक्रार असलेल्या पुष्कळ मुलींच्या शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नाही. मग ते जास्त तयार होतं, आणि जादा इन्सुलिनमुळे अंडाशयं पुरुषी हार्मोन वाजवीपेक्षा जास्त बनवू लागतात. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरुमं जात नाहीत. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहता आत ओढून घेतो, म्हणून डॉक्टरांच्या उपचारांच्या जोडीला ताकदीचा व्यायाम उपयोगी पडतो. शिवाय हाडांचा साठा विशी संपता संपता पूर्ण होतो. नंतर तो राखायचाच असतो. बारीक होण्याच्या नादात अर्धपोटी राहून तासन्‌तास धावणाऱ्या मुलीची पाळी बंद होते, ती शरीरानं दिलेली धोक्याची सूचना असते. ‘बरं झालं, कटकट गेली’ असं म्हणून ती सोडून देऊ नका.

व्यायामानं काय होत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. गेलेलं इस्ट्रोजेन परत येत नाही, थायरॉइडची गोळी सुटत नाही. स्वीडनमधल्या एका छोट्या अभ्यासात, १५ आठवडे वजनं उचलणाऱ्या बायकांचे अंगातून वाफा येण्याचे प्रसंग चाळीस टक्क्यांहून अधिक कमी झाले. पण अभ्यास लहान होता, त्यावरून हमी देता येत नाही. वाफा आणि रात्रीचा घाम असह्य असेल तर हार्मोन उपचाराबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी मोकळेपणानं बोला. तो कोणाला चालतो आणि कोणाला नाही, हे त्या तपासून सांगतील. ‘हार्मोन बॅलन्स’ करणारी महागडी पावडर आणि पाळीच्या कोणत्या आठवड्यात कोणता व्यायाम करायचा याचे रंगीत तक्ते मात्र बाजूला ठेवा. त्यांच्यामागे भक्कम पुरावा नाही. पाळीतही अंगात बळ वाटत असेल तर वजन उचलायला हरकत नाही. वाटत नसेल तर त्या दिवशी विश्रांती घ्या.

आता नेहमीच्या हरकती. ‘वजनं उचलली तर मी पुरुषासारखी दिसेन.’ स्नायू फुगवणारं टेस्टोस्टेरॉन बाईच्या रक्तात पुरुषाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतं. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडनं २०२२ साली ग्रीसमध्ये वेटलिफ्टिंगचं ज्युनियर जागतिक सुवर्णपदक मिळवलं. ते मिळवणारी ती पहिली भारतीय. तिनं दोन प्रकारांत मिळून १५३ किलो उचलले, आणि तिचा गट होता ४५ किलोचा. इतकं उचलूनही ज्या मुलीचं वजन ४५ किलोच्या आत राहिलं, तिच्याकडे पाहून ही भीती सोडून द्यावी.

‘माझं वय झालं.’ बॉस्टनमधल्या संशोधकांनी १९९० साली वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत वाढते, तर पंचावन्नला का नाही?

‘घरकाम हाच माझा व्यायाम.’ घरकामानं माणूस दमतो, यात वाद नाही. पण कणीक मळणं, फरशी पुसणं, बाजाराची पिशवी आणणं हे भार वीस वर्षं तेवढेच आहेत. शरीर त्यांना कधीच सरावलं. ताकद वाढते ती भार थोडा थोडा वाढवत नेला तर, आणि मधे विश्रांती मिळाली तर. घरकामात भार वाढत नाही आणि विश्रांती मिळत नाही.

हे आवाहन कोणासाठी नाही, तेही इथेच सांगायला हवं. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईला ‘वजन उचल’ म्हणणं ही क्रूर थट्टा होईल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हे २०१९ साली राज्यभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन एका दिवसात आटतं, मग वय तीस का असेना. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं. अशा बाईला हवी आहे ती पोटभर चौरस जेवणाची, सुट्टीची आणि हाडांच्या तपासणीची सोय. तिच्या अंगावर भार आहेच, तो पेलण्यापुरतं अन्न आणि आराम नाही. आणि शहरातल्या किंवा गावातल्या कोणत्याही बाईला ‘काढून टाका पिशवी, कटकट मिटेल’ असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

सुरुवात कशी करायची? पाच हालचाली शिका. पहिली, खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि सावकाश बसणं. ते सोपं झालं की पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून करा. दुसरी, जमिनीवरून वजन उचलणं: पाठ सरळ, कंबर मागे, वजन पायाजवळ, जोर मांड्यांचा. तिसरी, ढकलणं: आधी भिंतीवर हात टेकून जोर, मग ओट्यावर, मग जमिनीवर गुडघे टेकून. चौथी, ओढणं: एका हातानं खुर्चीचा आधार घेऊन पुढे झुका आणि दुसऱ्या हातातलं वजन कमरेपर्यंत ओढा. पाचवी, खांद्यापासून डोक्यावर वजन नेणं. शेवटी दोन्ही हातांत वजनं घेऊन घरातल्या घरात दोन फेऱ्या मारा.

प्रत्येक हालचाल आठ ते बारा वेळा, असे दोन ते तीन फेर. शेवटच्या दोन वेळा कठीण जायला हव्यात, पण ठेवण बिघडता कामा नये. बारा सहज होऊ लागल्या की वजन वाढवा. पाण्याची लिटरची बाटली एक किलोची असते. पहिले काही आठवडे ती पुरते, जन्मभर पुरत नाही. पुष्कळ जणी एक किलोच्या गुलाबी डंबेलवर वर्षानुवर्षं अडकून राहतात आणि फरक पडत नाही म्हणून सोडून देतात. दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवा. जोर लावताना श्वास सोडा, कोंडून धरू नका. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नका; सांध्यात कळ आली तर मात्र थांबा. सुरुवातीचे काही महिने जाणकार प्रशिक्षक किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून शिकता आलं, तर तिथे पैसे खर्च करा.

काही जणींनी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं: रक्तदाब आटोक्यात नसलेल्या, हृदयविकार असलेल्या, नुकतं ऑपरेशन झालेल्या, हर्निया असलेल्या, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या, गरोदर, किंवा किरकोळ धक्क्यानं हाड मोडलेल्या. हाडं ठिसूळ असतील तर पाठीला पोक काढून वाकणं टाळा. शिंकताना किंवा वजन उचलताना लघवीचे थेंब जात असतील तर लाजेनं गप्प बसू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.

व्यायाम केला आणि खाल्लं नाही, तर स्नायू कशाचा बनणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बाईला म्हणजे पन्नास ग्रॅम, आणि वजनं उचलणारीला थोडी जास्त. सगळ्यांना वाढून उरलेलं वरणाचं पाणी आणि चटणी-भाकरी यात ती भरत नाहीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पंचवीसच्या आसपास. उसळ घट्ट करा आणि आपल्या ताटात आधी वाढा. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, ती भाकरीत असू द्या. उपवास धरायचाच असेल तर दूध, दही, पनीर, दाणे यांवर धरा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची, ते डॉक्टरांना विचारा. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते, तपासणी करून घ्या. पण गोळ्या आणि इंजेक्शनं मनानं घेऊ नका.

राहिला प्रश्न वेळेचा, आणि तो फक्त बाईनं सोडवायचा नाही. घरातल्यांनी आठवड्यातले दोन अर्धे तास तिच्या हातातलं काम आपल्या हातात घ्यावं. मदत म्हणून नव्हे, आपल्या घराचं काम म्हणून. महिला मंडळं, बचत गट आणि भिशीच्या मैत्रिणींनी वर्गणी काढून दोन-पाच-आठ किलोच्या डंबेलच्या जोड्या घ्याव्यात आणि महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टला बोलवून आपली ठेवण तपासून घ्यावी. हळदीकुंकवाला वाण लुटता, तेव्हा यंदा स्टीलच्या वाटीऐवजी व्यायामाची रबरी पट्टी लुटून पाहा.

आणि तुम्ही? आजच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर बांधा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजा. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. सोमवार आणि गुरुवार, किंवा तुम्हाला जमतील ते दोन वार, त्याच कॅलेंडरवर गोल करून घरातल्यांना दाखवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा वाढला असेल तर वजन वाढवा. वाढला नसेल तर मधे किती वार चुकले, ते त्याच कॅलेंडरवर पाहा, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा सुरू करा.